तिसरा प्लग

कौसा गेल्यापासून घरात बोलायला माणूस नाही. लेक म्हणाली, बाबा, मनात येईल ते वहीत लिहीत जा, तेवढाच वेळ जाईल. मी चौथी शिकलेला माणूस. हाताला पाना धरायची सवय, पेनाची नाही. चार ओळी लिहिल्या की बोटं आखडतात. पण दिवस खायला उठतो, म्हणून लिहितो. आमच्या लग्नाच्या पहिल्या सालातली ही गोष्ट आहे. ती मला, कौसाला आणि रहीम उस्तादांना, एवढ्या तिघांनाच ठाऊक होती. उस्ताद कधीचेच गेले. कौसा गेल्या उन्हाळ्यात गेली. ज्यांच्यापासून लपवली ते माझे बाबाही नाहीत, आणि ती जीपही भंगारात गेली. आता कुणाचं काही बिघडत नाही.

तेव्हा आम्ही कनेरगाव नाक्यावर राहायचो. हिंगोली-वाशिम रस्त्याला लागून उस्तादांचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे काय, चार लाकडी खांब, वर पत्रे, पुढं एक लिंबाचं झाड आणि झाडाखाली बाज. मागं एक खोली होती, आधी तिथं फाटके टायर पडायचे. माझं लग्न झालं तेव्हा उस्तादांनी टायर बाहेर काढले, खोली झाडून घेतली आणि म्हणाले, "ले, तेरा महल." त्या महालात आमचा संसार सुरू झाला. पहाटेपासून ट्रकांचे आवाज. नाक्यावर आला की प्रत्येक ट्रक गिअर बदलायचा आणि आमच्या भिंतीवरची भांडी हलायची. शेजारच्या धाब्यावर तव्यावर उलथनं आपटायचं. ऊन चढलं की डोक्यावरचे पत्रे कटकट वाजायचे. त्या सगळ्यात कौसाच्या भाकरी थापायचा आवाज मला वेगळा ऐकू यायचा. ज्वारीची भाकर, लसणाची फोडणी दिलेली अंबाडीची भाजी, हिरव्या मिरचीचा ठेचा. उस्तादांचं घर गावात होतं, पण दुपारची भाकर ते आमच्याकडेच खायचे.

कौसा कुरुंद्याची. तिचं सगळं माहेर हळदीच्या कामावर जायचं. खोदायची, शिजवायची, वाळवायची, निवडायची. लग्न होऊन आली तेव्हा तिचे तळहात पिवळे होते, लग्नाची हळद लागल्यानं होतात तसले नाही, कातडीत मुरलेला पिवळा. माझे हात काळे. पहिल्या दिवशी तिनं दोन्ही हात शेजारी धरून बघितले आणि म्हणाली, "घ्या, धुऊन बी कुनाचेच निंगायचे न्हाईत." आता माझे हात पांढरे पडलेत. काम सुटलं की काळं निघून जातं, हे तिला सांगायचं राहून गेलं.

माझे बाबा, किसन त्यांचं नाव, पुसेगावच्या बापूरावांकडे सालगडी होते. बापूराव मोठे जमीनदार. बाबांचं साल पाडव्याला ठरायचं आणि पुढच्या पाडव्यापर्यंत चालायचं. राहायला मालकाच्याच वावरातलं खोपट. मालकाच्या मनातून उतरलं की काम जायचं आणि त्याच दिवशी खोपटही. बाबांच्या मागं मीही तिथंच औत धरायचं असं ठरलेलं होतं. पण मला यंत्राचं वेड. बापूरावांनी मला सोडलं ते तोंड वाकडं करूनच. "जा, बघ मशिनीत हात घालून," म्हणाले. "किती दिवस टिकतो ते बघू." ते वाक्य माझ्या मानेवर बसलेलं होतं. आणि एक दिवस त्याच बापूरावांची जीप गॅरेजात आली.

जीप लष्कराच्या लिलावातली, पेट्रोलवर चालणारी. तालुक्यात तसली दुसरी नव्हती. दिवाळी होऊन गेली होती. दुसऱ्या दिवशी बापूरावांच्या लेकाची सुपारी फोडायला वाशिमला जायचं होतं, आणि गाडी तर खोकत आली. चारातले तीनच सिलिंडर चालत होते. उस्तादांनी बोनट उघडलं, कान देऊन ऐकलं, म्हणाले, प्लग गेले, चारही बदलावे लागतील. आमच्याकडे प्लग नव्हते. हिंगोलीला जाणारी एस्टी आली तशी उस्ताद प्लग आणायला आणि बापूराव कपडे घ्यायला एकाच गाडीत बसले. बाबांना बापूरावांनी जीपेजवळ बसवून ठेवलं. जाताना उस्तादांनी मला बजावलं, "घासलेट छोड, बैठने दे. मैं आए बगैर पाना नहीं लगाना."

त्या इंजिनाचे प्लग हेडवर उभे असायचे, खुंटे ठोकावेत तसे. प्रत्येकाभोवती खोलगट खळगा. मी चारही खळग्यांत रॉकेल सोडलं. आता थांबायचं होतं, दुसरं काही नाही. पण थांबणं मला कुठं येतं. बाबा बाजेवर उकिडवे बसलेले. त्यांना ऐसपैस कधी बसताच आलं नाही. दर थोड्या वेळानं विचारायचे, "झालं का रं?"

"मुरू द्यावं लागतं बाबा."

"मुरू द्यायला ते काय लोणचं हाय?" मग जरा वेळानं, "उस्तादाबिगर जमत न्हाई वाटतं तुला. तसं आसंल तर सांग. मालकानं इचारलं तर काय सांगू मी?"

बापाच्या तोंडून हे ऐकलं आणि मी पाना उचलला. पहिला प्लग निघाला. दुसरा कुरकुर करत, रडत रडत निघाला. मी बाबांकडे बघून हसलोही. तिसरा जागचा हलेना. शहाणा माणूस अशा वेळी आधी किंचित आवळतो, मग सोडवतो, परत रॉकेल घालतो, परत आवळतो. मी पान्याच्या दांड्यात हातभर लांब पाइप घातला आणि अंगाचा भार दिला. आवाज लहानच झाला. पान्याचा जोर एकदम गेला आणि मी इंजिनावर तोंडघशी पडलो. पान्यात प्लगचं वरचं डोकं होतं. खालची आट्यांची नळी तशीच हेडमध्ये रुतून बसलेली.

"निंगाला का?" बाबांनी विचारलं.

"निंगायलाय," मी म्हणालो. आपल्या आवाजाची मला तेव्हा जी भीती वाटली ती पुढं कधी वाटली नाही.

कौसा चहा घेऊन आली. तिनं माझं तोंड बघितलं आणि कप खाली ठेवला. "काय झालं वो?"

"मोडला. आर्धा आत हाय." मी हळूच सांगितलं. बाबांची पाठ आमच्याकडे होती. प्लगची पांढरी चिनी माती फुटून विखुरली होती. मी फडक्यावर सगळे तुकडे गोळा केले आणि जुळवून बघितले. तुरीच्या दाण्याएवढी एक कपची कमी भरली. ती कपची आत पडली असेल आणि इंजिन फिरलं, तर सिलिंडरला चरे पडणार, म्हणजे इंजिन संपलं. वरचं हेड खोलावं तर त्याचं गॅसकेट हिंगोलीत मिळत नव्हतं, दोन दिवस गेले असते. सकाळी सुपारी. इंजिन संपलं तर मी गेलो, बाबांचं साल गेलं, खोपट गेलं. कौसाला मी एवढंच म्हणालो, "बाबाला पुसेगावातून उठावं लागतंय आता."

ती खोलीत गेली आणि आरसा घेऊन आली, तळहाताएवढा, केस विंचरायचा. पत्र्याच्या सावलीच्या कडेला उन्हात बसली आणि आरशानं ऊन पकडून त्या भोकात सोडलं. हात हलला की उजेड हलायचा. मग तिनं कोपर गुडघ्यावर टेकवलं, श्वास रोखला आणि उजेड थांबला. बॅटरीनं जे दिसलं नसतं ते दिसलं. खाली व्हॉल्वच्या कडेला पांढरं काहीतरी होतं. मी सायकलच्या स्पोकला टोकाशी ग्रीस लावलं आणि आत सोडलं. एकदा निसटलं. दुसऱ्यांदा निसटलं. तिसऱ्यांदा वर येता येता नळीच्या काठाला लागून परत खाली गेलं. माझ्या नाकावरून घाम टपकला.

"घाम आत पाडू नका," कौसा म्हणाली. "आनखी एक काम वाढंल."

चौथ्यांदा कपची आली. तिनं ती तळहातावर घेतली, फडक्यावरच्या तुकड्यांना लावून बघितली. बराबर बसली. मी खाली मातीत बसलो. पुढं आयुष्यात मी लई इंजिनं उघडली, पण असा उजेड धरणारं माणूस मला दुसरं मिळालं नाही.

नळी अजून आतच होती. हा प्लग इतका घट्ट का बसला, हे मला कळत नव्हतं. कौसानं केसातली पिन काढली आणि खळग्याच्या कडेचा गाळ उकरला. गंजासारखा तांबूस, चिकट गाळ. बोटांनी चोळला, नाकाला लावला. म्हणाली, "ही हळद हाय."

"इंजिनात हळद कुठून येईल?"

"मला नका शिकवू. हळदच हाय. कुंकू बी हाय. साल दोन सालाची न्हाई, लई जुनी हाय."

तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं बापूरावांचं अंगण आलं. दर दसऱ्याला बाबा ती जीप धुवायचे. मग बोनट उघडायचं. बापूरावांची आई, म्हाताऱ्या मालकीणबाई, पाटावर बसून सांगायच्या आणि बाबा करायचे. "किसन, यंत्राला बी आंघोळ घाल." चार प्लग म्हणजे चार डोकी. बाबा एकेका डोक्यावर एकेक तांब्या पाणी ओतायचे, मग नारळाचं पाणी, मग बाई प्रत्येकाला हळदकुंकू वाहायच्या. मी लहानपणी तांब्या भरून दिलेले आहेत. दसऱ्याला आमचाही मोठा दिवस असतो. जीपेची आंघोळ उरकली की बाबा पांढरा सदरा घालून विहारात वंदनेला जायचे, पण आधी आंघोळ. बोनटला हात लावायचा मान वाड्यात त्यांच्याशिवाय कुणाला नव्हता, आणि त्यांना त्याचा केवढा अभिमान. ते पाणी खळग्यात तसंच राहायचं. साल मागून साल लोखंड सडत गेलं. जीप माझ्या बापानंच सडवली होती, मायेनं.

"बाबा हिला दर दसऱ्याला न्हाऊ घालत्यात," मी कौसाला हळूच म्हणालो. तिनं बाजेकडे एकदा बघितलं. तिला सगळं सांगायची गरज पडली नाही. तिनं पिनेनं उकरलेला गाळ पदरानं पुसून घेतला. नवी साडी होती. मी काही म्हणणार तर म्हणाली, "ऱ्हाऊ द्या."

ऊन कललं तेव्हा उस्ताद आले. नळी बघितली, पाइप घातलेला पाना बघितला. "तोड दिया ना?" त्यांनी शिवी दिली नाही. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. बोटानं खळगा चाचपला आणि म्हणाले, "ये तो पानी का जंग है. इतना पानी किधर से आया?"

आणि नेमके तेव्हाच बाबा बाजेवरून उठून आले. आपल्या गाडीला कुणी नाव ठेवतंय असं वाटलं त्यांना. "उस्ताद, गाडीची हयगय झालेली न्हाई बरं का. दर दसऱ्याला म्या सोता न्हाऊ घालतो तिला. वरून, आतून. लेकरावानी."

उस्तादांची नजर बाबांवरून माझ्यावर आली आणि माझ्यावरच थांबली. कौसा पुढं झाली. "मामा, चहा निवला तुमचा, या," म्हणून बाबांना बाजेकडे घेऊन गेली. उस्ताद मला हळूच म्हणाले, "गिराईक से मैंने आज तक झूट नहीं बोला, सुदाम." मी त्यांचे पाय धरायला वाकलो तर त्यांनी खांदा धरून वर उचललं. "पहले काम कर."

त्यांनी एक जुनी चौकोनी कानस काढली आणि दगडावर घासून निमुळती केली. कानशीला ग्रीस फासलं, म्हणजे गंजाचे कण आत पडण्याऐवजी ग्रीसला चिकटतात. नळीच्या कडेनं गिअरचं तेल सोडलं. या वेळी आम्ही थांबलो. बिडी ओढून होईपर्यंत थांबलो, मग दुसरी बिडी. मग मी कानस नळीत बसवली, हातोडीनं हलकेच ठोकली आणि पाना लावला. उस्तादांनी हात लावला नाही. नुसते म्हणत होते, "कस. छोड. कस. छोड." केसभर हलली. परत केसभर. माझे दात एवढे आवळलेले होते की नंतर दोन दिवस भाकर चावता आली नाही. नळी वर आली तेव्हा तिचे आटे लाल भुगा झालेले होते. हेडचे आटे मात्र शाबूत होते. चौथा प्लगही तसाच तेल देऊन, आवळत सोडवत काढला. तो अख्खा निघाला. मग भोकं उघडी ठेवून हँडल मारलं, आत काही राहिलं असेल ते फुर्रकन बाहेर उडालं. नवे चार प्लग बसवले.

तेवढ्यात बापूराव एस्टीतून उतरले, काखेत कापडाचं गाठोडं. "झाली का गाडी?" म्हणत जवळ आले आणि स्टुलावर ठेवलेली ती नळी त्यांच्या नजरेला पडली. कानस अजून तिच्यात रुतलेली होती. "हे काय? प्लग मोडला? कशानं मोडला हो उस्ताद?"

बाबा उठून उभे राहिले. कौसा दारात होती. उस्तादांनी फडक्याला हात पुसले, एकेक बोट पुसलं, आणि तोंड उघडलं. "देखो पाटील..."

"माझ्या हातून मोडला मालक," मी मध्येच बोललो. "उस्ताद नको म्हनले व्हते. मी घाई केली, पाइप लावला."

उस्तादांनी तोंड मिटलं.

"तरी मी म्हनत व्हतो," बापूराव म्हणाले. "औतामागं चालनाऱ्याच्या हातात पाना देल्यावर दुसरं काय व्हईल? किसन, बघ तुझं दिवटं. माझ्या गाडीवरच शिकायचं व्हतं ह्याला."

"चुकलं मालक," बाबा म्हणाले. मान खाली. "लेकरू हाय."

लेकरू कसलं, बायको दारात उभी होती माझी. कान तापले होते, तरी मी खाली बघत राहिलो.

"पाटील," उस्ताद म्हणाले, "तोड्या इसने, निकाला भी इसनेच. पहले आवाज सुनो, फिर गाली दो." आणि त्यांनी स्टार्टर दाबला. चारही सिलिंडर बोलायला लागले. बापूराव कान देऊन उभे राहिले. रागात होते, पण गाडीवर जीव होता त्यांचा. थोड्या वेळानं म्हणाले, "बरं. बस किसन मागं." खोपट वाचलं, एवढंच मला त्या "बस"मध्ये ऐकू आलं.

बाबा चढायच्या आधी माझ्याजवळ आले. "हाताला सबूर न्हाई तुझ्या," म्हणाले. "आज मालकापुढं मान खाली घालाया लावलीस." आणि जाऊन बसले. मागं वळून बघितलं नाही.

त्या दिवशी सांजच्याला जेवायला बसलो. मी म्हणालो, "बाबाला सांगतोच. पानी ओतू नका म्हनून."

कौसानं ताटात भाजी वाढली. "आन मालकीनबाईनं ओत म्हनलं तर? न्हाई म्हनायचं मामाच्या हातात हाय का?"

मी भाकर मोडत राहिलो.

"आन सांगितलं, तर आजवर आपल्याच हातानं गाडी सडवली ह्ये बी कळंल त्यायला. जीव न्हाई ऱ्हायचा त्यायचा." मग माझ्या ताटाकडे बघत म्हणाली, "ते ओतू द्या. आपून पुसू."

तसंच केलं. पुढं जीप विकेपर्यंत, दर दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, आम्ही दोघं भाकरी बांधून एस्टीनं पुसेगावला जायचो. बापूरावांना वाटायचं, चूक केली म्हणून पोरगं दर साली येऊन गाडी तपासून देतंय. त्यांनी मला त्यामुळं बरा म्हणायला सुरुवात केली. मी चारही प्लग काढायचो, खळगे पुसायचो, आट्यांना ग्रीस लावून परत बसवायचो. मालकीणबाई गेल्या तरी बाबांनी आंघोळ चुकवली नाही. त्यांचे हात कापायला लागले होते, तांब्या डचमळायचा, पाणी आणखीच आत जायचं. खाली अजून ओल असायची.

बाबा बोनटला हात टेकून शेजारी उभे राहायचे. पहिल्या दोन प्लगांना गप्प असायचे. तिसऱ्याला पाना लावला की वाकून बघायचे आणि दर साली तेच म्हणायचे, "सावकाश रं. मागं घाईत मोडला व्हतास. ध्यानात हाय ना?"

"व्हय बाबा," मी म्हणायचो, आणि पिवळं झालेलं फडकं मागं न बघताच कौसाच्या हातात द्यायचो.